प्रॅक्टिकलच्या दारातलं स्टूल

सांगलीहून निघताना माझ्याजवळ चौतीस स्लाइड होत्या. कायदा काय म्हणतो, समितीत कोण असावं, तक्रार किती दिवसांत द्यावी, सगळं त्यात होतं. पॉलिटेक्निकमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवून माझी हयात गेली, आणि आमच्या कॉलेजच्या तक्रार समितीची मी बरीच वर्षं अध्यक्ष. त्यामुळे मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या एका पॉलिटेक्निकमधून ‘प्रयोगशाळेत मुलींवर होणारा अन्याय कसा थांबवावा’ यावर बोलायला या, असं पत्र आलं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. पत्र प्राचार्यांचं नव्हतं, मुलांचं होतं. खाली सतरा सह्या. मी म्हटलं, बिचारी आडगावची पोरं, चार गोष्टी शिकवून येऊ. हा आगाऊपणा आत्ताच कबूल करून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

कॉलेजचं नाव लिहीत नाही आणि मुलांची नावं बदलली आहेत. चौकशी अजून संपलेली नाही.

पांढुर्णा, शनिवार

गाडी सकाळी पोचली. थंडी अशी की स्टेशनवरच्या नळाचं पाणी तोंडावर मारलं आणि मला माझी आई आठवली. घ्यायला दोघं आले होते. रोशनी, इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला, बुटकी, बोलायला लागली की मध्ये श्वास न घेणारी. आणि तिच्याच वर्गातला अंकुश, मोहगावचा, ताडमाड उंच आणि तेवढाच गप्प.

“मॅडम, पह्यले पोहे खाऊन घ्या न,” रोशनी म्हणाली. “कॉलेज कुठं पळून नाई राहिलं.”

आमच्याकडे पोहे म्हणजे वर खोबरं, कोथिंबीर, फार तर लिंबाची फोड. इथं गाडीवाल्यानं पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतला. मी थांब थांब म्हणेपर्यंत पोहे त्यात पोहायला लागले होते. पहिल्या घासाला ठसका, दुसऱ्याला नाक वाहायला लागलं, आणि तिसऱ्यानंतर मी आणखी रस्सा मागून घेतला. अंकुश तेव्हा पहिल्यांदा हसला.

गावात पाट्या सगळ्या हिंदीत. जिल्हा होऊन फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळे ‘जिला’ लिहिलेल्या पाट्यांचा रंग अजून ताजा. पण पाटीखाली उभं राहून माणसं भांडत होती ती मराठीत, संत्र्यांच्या भावावरून. वर्गात शिकवणं हिंदीत, थट्टा मराठीत आणि अर्ज पुन्हा हिंदीत, असा तिथला रिवाज. मुलं यातून त्यात अशी ये-जा करतात की कुठं सांधा दिसत नाही. मलाच दर दोन वाक्यांना अडखळायला होत होतं.

कॉलेज गावाबाहेर, सौंसरच्या रस्त्याला. एका बाजूला कपाशी, दुसऱ्या बाजूला संत्र्याचे बगीचे. सभागृह म्हणजे ड्रॉइंगचा वर्ग, टेबलं भिंतीला सरकवलेली. समोर साठेक मुलंमुली. मी पहिली स्लाइड लावली. पाचवीवर पोचले तेव्हा रोशनीनं हात वर केला.

“मॅडम, राग नका मानू. हे आमच्या भिंतीवर लिहून आहे. समितीचे नावं पण आहेत. आमचा प्रश्न दुसरा आहे.”

“कुठला?”

“दाराचा.”

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पण कोणी हसलं नाही. मग सगळे मला उठवून लॅबकडे घेऊन गेले. इलेक्ट्रिकल मशीन्सची लॅब, आमच्यासारखीच. तेलाचा वास, मोटारी, भिंतीवर धोक्याची कवटी. दाराच्या उंबऱ्यात एक साधं लोखंडी स्टूल, निळा रंग दिलेलं. त्याच्यामागे भिंतीवर हातानं आखलेला तक्ता आणि तक्त्यात रोल नंबर.

झालं होतं असं. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला त्या लॅबचे सर एकेकाला आत घेत आणि दार लावून घेत. मुलांना दहा मिनिटांत सोडत. काही मुलींना मात्र फाईल अपुरी आहे म्हणून कॉलेज सुटल्यावर पुन्हा यायला सांगत. फाईलवर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. हे शास्त्र-तंत्राच्या शिक्षणातलं जुनं दुखणं. आमच्या विषयात निम्मे मार्क एका माणसाच्या पेनात असतात आणि तो माणूस एका बंद खोलीत असतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच्याकडे कधी दाराचा प्रश्न म्हणून पाहिलं नव्हतं एवढंच.

मुलांनी काढलेला उपाय असा. तोंडी परीक्षा चालू असताना दार उघडं राहणार, आणि पुढचा रोल नंबर त्या स्टुलावर बसणार. बाहेर तोंड करून. आत पाहायचं नाही, ऐकायला कान टवकारायचे नाहीत, हवं तर आपला अभ्यास करायचा. पण उठायचं नाही, पुढचा येईपर्यंत. मुलगे आणि मुली दोघांची पाळी, कुणाला सूट नाही. प्राचार्यांनी दोन आठवडे टाळाटाळ केली. मग सगळ्या वर्गानं एकाच दिवशी प्रॅक्टिकलला जायचं नाकारलं, तेव्हा त्यांनी या नियमावर सही केली.

“आणि पोरांनी ऐकलं लगेच?” मी विचारलं.

रोशनीनं अंकुशकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, “नाई. मीच म्हटलं होतं, पोरींच्या भानगडीत आम्ही कायले बसावं. हसलो पण होतो. मंग प्रणालीची फाईल पाह्यली.”

प्रणाली मागे उभी होती. रामाकोन्याची, सडपातळ, केसांना तेल लावून घट्ट वेणी. तिनं फाईल माझ्या हातात दिली. तीस वर्षं फाईली तपासल्यात, चांगली फाईल मला वजनावरून कळते. एक आकृती तिरकी नाही, मीटरचं एक वाचन खोडलेलं नाही. आणि एकाही पानावर सही नाही. स्टूल यायच्या आधीची गोष्ट. सरांनी तिला चार वेळा एकटीला बोलावलं होतं. चौथ्यांदा हात धरला. पाचव्यांदा ती गेली नाही, तर हजेरीत प्रॅक्टिकलला गैरहजर लागली.

तिनं एकपानी अर्ज दिला होता. सोमवारी बारा वाजता समितीसमोर तिचं म्हणणं ऐकणार होते. ती स्वतः हजर राहिली नाही तर अर्ज निकाली, गैरहजेरी कायम आणि वर्ष गेलं. तिच्यासारख्या मुलीचं गेलेलं वर्ष परत येत नाही, घरी बसवतात, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

माझ्या उरलेल्या एकोणतीस स्लाइड तशाच राहिल्या. दुपारभर आम्ही ड्रॉइंगच्या वर्गात जमिनीवर बसून सोमवारची तयारी केली. म्हणजे, ती मुलं करत होती, मी मधूनमधून कायद्याचा एखादा शब्द सांगत होते.

रामाकोना, रविवार

प्रणालीच्या आईला कळलं की सांगलीहून मॅडम आल्या आहेत. झालं, जेवायलाच या असा निरोप. रोशनीला घरी काम होतं, म्हणून मी आणि प्रणाली दोघीच बसनं रामाकोन्याला गेलो.

वडील बगीच्यात भेटले. पन्नाशीचे, डोक्याला मफलर, बोलणं कमी पण माणूस आतिथ्याचा. मी हौसेनं झाडाचं एक संत्रं धरून ओढलं, तर ते जवळजवळ ओरडलेच. “हां हां, बाई! तसं नाई तोडत जी. देठापाशी साल फाटली का दोन दिवसात सडते.” मग खिशातून कात्री काढून देठ ठेवून कापून दिलं. आमच्याकडे द्राक्षाच्या घडाला हात लावू देत नाहीत, त्याची आठवण झाली. फळ सांभाळणारी माणसं सगळीकडे सारखीच खेकसतात.

जेवण ओट्यावर. ज्वारीची भाकर, पातोडीचा म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा. भाकरी आमच्याकडच्यापेक्षा जाड आणि गोड. आई वाढत होत्या आणि मी नको म्हणायच्या आत ताटात भाकर पडत होती. “खा न जी मॅडम, तिकडं कोन देऊन राहिलं तुम्हाले,” असं म्हणत त्यांनी मला पार आडवं केलं.

आता चूक सांगते.

शिक्षकांना एक खोड असते. पालक समोर दिसले की मुलांचं कौतुक करायचं. तीस वर्षांची सवय, तोंड आपोआप चालू होतं. त्यात आमच्या कॉलेजात तक्रारीच्या फॉर्मवर पालकांची सही लागते. तो नियम आम्हीच केलेला, आणि तो बरोबर की चूक असा विचार मी कधी केला नव्हता. त्यामुळे घरी माहीत असणारच, हे मी धरून चालले होते. पोट भरलेलं, ऊन पाठीवर आलेलं, माणसं मायाळू. मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “तुमच्या लेकीसारखी हिंमत मी कमी मुलींत पाहिलीय. सरांविरुद्ध अर्ज द्यायचा आणि उद्या समितीपुढं उभं राहायचं, सोपं नाही.”

प्रणालीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“कोनता अर्ज?” वडील म्हणाले.

मी जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग. त्यांनी प्रणालीला विचारलं. तिनं दोन वाक्यांत सांगितलं, पायाच्या अंगठ्याकडे पाहत. वडिलांनी आवाज चढवला नाही. ताटात पाणी सोडलं, उठले, हात धुतले.

“उद्यापासून कालेजात जाचं नाई,” ते म्हणाले आणि बगीच्यात निघून गेले.

मी त्यांच्यामागे धावायला निघाले. माझ्याकडे मुद्दे होते, कलमं होती. प्रणालीनं माझा हात धरला. “मॅडम, तुम्ही बसनं जा. साडेतीनची हाय.” रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती दमलेल्या माणसासारखं म्हणाली. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. वय छप्पन्न, समितीची अध्यक्ष, आणि एका पोरीचं शिक्षण मी भाकरी खाता खाता संपवून आले होते.

संध्याकाळी रोशनीला फोनवर सगळं सांगितलं.  ती म्हणाली, “आमचीच चूक हाय. तुमाले सांगाले पाह्यजे होतं, घरी माहीत नाई म्हणून. आमाले वाटलं, एवढं तं कोनालेही समजते.”

हे शेवटचं वाक्य तिनं मला टोचायला म्हटलं नव्हतं. टोचलं मात्र चांगलंच.

“मी उद्या सकाळी जाऊन त्यांना कायदा समजावते,” मी म्हटलं. “ती सज्ञान आहे, तिला अडवता येत नाही.”

“नाई मॅडम. तुम्ही या, पन बोलू नका. काका तुमच्याशी नाई, आमच्याशी बोलतीन.”

पुन्हा रामाकोना, आणि कॉलेज. सोमवार

सकाळी आठला आम्ही तिघं रामाकोन्यात. रोशनी, अंकुश आणि तोंड शिवलेली मी. वडील ओट्यावर चहा घेत होते. आम्हाला पाहून उठले नाहीत, पण आईला म्हणाले, “चाय ठेव तीन.” रागातही चहा चुकत नाही, हे पाहून मला थोडा धीर आला.

रोशनी समोर खालीच बसली. “काका, तुम्ही रागावले ते बरोबर हाय. आमी पोट्ट्यायनं तुमाले विचारलं नाई.”

“मले राग पोरीचा नाई,” ते म्हणाले. “त्या मास्तराचा हाय. पन गावात समजलं तं? उद्या तिचं लग्न कराचं हाय मले.”

“गावात काय समजाचं राहिलं, काका? पोरगी आजपासून घरी बसली का शेजारी विचारतीनच, काऊन बंद झालं कालेज म्हणून. तवा काय सांगान तुम्ही? लोकं स्वतःच्या मनानं सांगतीन. आन् तो मास्तर तिथंच राहीन, पंख्याखाली.”

वडिलांनी कप खाली ठेवला. मी तोंड उघडलं आणि रोशनीनं माझ्याकडे न पाहता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तोंड मिटलं.

मग अंकुश बोलला. अख्ख्या प्रवासात त्याचं एवढं मोठं बोलणं मी एकदाच ऐकलं. “काका, ती गेली नाई तं त्याचं खरं होते. आमच्या वर्गात अजून पोरी हायेत. एक जण गेल्या वर्षी सोडून गेली, तवा आमी हसून राहिलो होतो. यंदा आमाले हसाचं नाई.” आणि त्यानं खिशातून तक्त्याचा कागद काढला. “आमचा नेम हाय. आत कोनी एकटं बसलं का दारात एक माणूस पाह्यजे. आज बारा वाजता दारात माह्यी पाळी होती. ती तुम्ही घ्या.”

त्यांनी कागद हातात घेतला. वाचला की नुसता पाहिला, कळलं नाही. “मले आतलं ऐकू येईन?”

“येईन,” रोशनी म्हणाली. “आत पाहाचं नाई आन् मधात बोलाचं नाई, एवढाच नेम. कितीही राग आला तरी.”

आत भांडी वाजायची थांबली होती. आई दारात आल्या. त्यांच्या हातात प्रणालीची बॅग होती, फाईल वर ठेवलेली. त्यांनी ती नवऱ्याच्या शेजारी ओट्यावर ठेवली आणि आत गेल्या.  वडील उठले आणि मोटारसायकलची चावी शोधायला लागले.

बाराला पाच कमी असताना स्टूल समितीच्या खोलीच्या दारात आलं. आतल्या एका सदस्यांनी हरकत घेतली, सुनावणी गोपनीय असते म्हणून. रोशनीनं नियमांचा कागद पुढं केला. मुलीला सोबतीला एक माणूस आणता येतो, असं त्यात लिहिलं होतं. सोबतीचं माणूस खुर्चीवर बसावं की दारात स्टुलावर, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. समितीवर बाहेरून घेतलेल्या वकीलबाई म्हणाल्या, “बैठने दीजिए.” मी वऱ्हांड्यात, पंधरा पावलांवर. आतलं मला ऐकू येत नव्हतं. मला दिसत होते ते फक्त वडील.

ते बाहेर तोंड करून बसले होते. मफलर काढून मांडीवर घेतलेला. दहा मिनिटं नुसते बसले. मग त्यांची मूठ मफलरावर आवळली. एकदा ते अर्धे उठले. वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या रोशनीनं मान हलवली, नाही. ते पुन्हा बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.  चाळीस मिनिटं एक बाप आपल्या मुलीचं ऐकत होता आणि मध्ये बोलू शकत नव्हता. आमच्याकडे चौकशीच्या वेळी पालकांना आम्ही चहा देऊन ऑफिसात बसवतो.

प्रणाली बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा. थोड्या वेळानं प्राचार्यांनी सांगितलं: चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या सरांकडे प्रॅक्टिकल नाही. फाईल दुसऱ्या शिक्षिका तपासतील. गैरहजेरी काढली, प्रणाली यंदाच, पुढच्या तुकडीबरोबर परीक्षा देईल. पुढचा निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, आणि लागेलच अशी माझी खात्रीही नाही. अशा चौकश्या कशा विरतात ते मी जवळून पाहिलंय. पण वर्ष वाचलं.

माझी गाडी संध्याकाळची होती. निरोप घ्यायला मी आणि रोशनी गेटपाशी गेलो. वडिलांनी मोटारसायकल चालू केली होती, प्रणाली मागे बसायच्या बेतात. मी म्हटलं, “दादा, माझं चुकलं. तिनं सांगायच्या आधी मी बोलायला नको होतं.”

“नाई जी,” ते म्हणाले. “समजलं ते बरं झालं.” मग इंजिनाच्या आवाजातच त्यांनी मान वळवून मुलीला विचारलं, “चार महिने हे तुह्या पोटात होतं. मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं तं तुम्ही कालेज बंद केलं असतं.”

ते नाही म्हणतील असं मला वाटलं. आपण बहुतेक जण म्हटलं असतं.

“हाव,” ते म्हणाले. “केलंच होतं न काल.” त्यांनी मफलर पुन्हा डोक्याला गुंडाळला. “आता नाई करत. सांगत जाय मले.”

प्रणाली बसली नाही. बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“मंग बाबा, अजून एक सांगाचं हाय,” ती म्हणाली.

त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली आणि स्टँडला लावली. मी रोशनीचा दंड धरला आणि आम्ही दोघी तिथून बाजूला झालो.